उडताना इंजिन बंद पडलं तर काय करायचं? सेसना १५२ वर शिकणाऱ्यांसाठी

बारामती, धुळे, गोंदिया, कुठेही शिकत असाल, पहिल्या सोलोच्या (एकट्याने उडण्याच्या) आधी हे वाचा आणि उभ्या विमानात बसून हात लावून लावून सराव करा. आकडे सेसना १५२ या दोन सीटच्या शिकाऊ विमानाचे आहेत, विमान वेगळं असेल तर त्याच्या हँडबुकमधलेच पाठ करायचे.

इंजिन गेलं की आधी नाक खाली. ६० नॉट (तासाला ६० नॉटिकल मैल) स्पीड धरा, ट्रिम करा म्हणजे हात न लावताही तोच स्पीड राहील, बाकी सगळं नंतर. जमीन वर येताना दिसली की हात आपोआप कंट्रोल मागे ओढतात, स्पीड जातो, स्टॉल होतो म्हणजे पंखांची उचल जाते आणि एवढ्या खाली सावरायला उंचीच नसते. घाबरू नका, इंजिनाशिवायही विमान तरंगतं, वारा नसेल तर दर हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल म्हणजे पावणेतीन किलोमीटर जातं.

मग शेत शोधा, आणि आधी जवळचं बघा. शिकवणाऱ्या सरांनी एकदा अचानक थ्रॉटल (इंजिनची पॉवर) मागे घेऊन विचारलं, कुठे उतरशील? मी लांबचं हिरवंगार सपाट शेत दाखवलं, तो निघाला डोक्याएवढा उभा ऊस. सर म्हणाले पंखाखाली बघ की, खाली तोडणी झालेला फड होता, कडेला पाचट पेटवलेलं आणि धूर आडवा पूर्वेला चाललेला, म्हणजे वाऱ्याची दिशापण तिथेच कळली. वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं, जमलं तर सरीच्या दिशेने, बांध आणि विहिरी टाळून. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत म्हणून खांब शोधा. रस्त्याचा मोह होतो, पण तिथे तारा पण असतात आणि माणसं पण.

शेत ठरलं की रीस्टार्ट. कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा) ऑन, प्रायमर (सुरू करताना पेट्रोल ढकलणारा हातपंप) आत आणि लॉक, फ्युएल व्हॉल्व्ह ऑन, मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) रिच, मॅग्नेटो (ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रणा) बोथ, प्रोपेलर थांबला असेल तर स्टार्ट. कार्ब हीट पहिली कारण दमट हवेत बाहेर २० डिग्री असतानाही कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो आणि ती हीट इंजिन गरम आहे तोवरच मिळते. वेळ उरला तर रेडिओवर मेडे (संकटाची हाक) द्या, चालू फ्रिक्वेन्सीवर नाहीतर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर, ट्रान्सपाँडर (रडारला विमान ओळखू देणारं यंत्र) ७७०० या आणीबाणीच्या कोडवर.

टेकऑफनंतर लगेच गेलं तर मागे वळू नका, समोरच थोडं डावी-उजवीकडे जे मिळेल ते घ्या. ५ मार्च २०१५ ला हॅरिसन फोर्ड, हो तोच अभिनेता, कॅलिफोर्नियात सांता मोनिकाहून १९४२ चं रायन पीटी-२२ घेऊन निघाला आणि इंजिनची पॉवर गेली. परत येतो म्हणून टॉवरला सांगितलं, पण रनवेपर्यंत पोचत नाही हे कळताच त्याने तो हट्ट सोडला आणि गोल्फ कोर्सवर उतरवलं, झाडाचा शेंडा लागला, तो जबर जखमी झाला पण वाचला. तपासात निघालं काय, तर कार्बोरेटरमधला मुख्य जेट हळूहळू सैल होऊन सुटला होता आणि इंजिनला पेट्रोल जास्त जात होतं. खांद्याचा पट्टा पण नीट बसवलेला नव्हता, त्यामुळे मार जास्त लागला. म्हणून प्रीफ्लाइटला (उड्डाणाआधीच्या तपासणीत) पट्टा नुसता लावू नका, जोरात ओढून बघा.

इंजिन सुरू झालंच नाही तर उतरण्याआधी मिक्स्चर कट-ऑफ, फ्युएल आणि इग्निशन ऑफ. शेतात नक्की पोचतोय याची खात्री झाली की फ्लॅप (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) ३० डिग्री, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) त्यानंतर बंद करा कारण फ्लॅप विजेवर चालतात. पट्टे आवळा, दारं उघडी ठेवा म्हणजे फ्रेम वाकली तरी अडकणार नाहीत. शेपटी किंचित खाली ठेवून टेका, मग ब्रेक जोरात.

थांबलं की लगेच बाहेर पडा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब जा आणि मग फोन करा. पाच मिनिटांत गाव गोळा होईल, त्यांना लांबच थांबवा, टाकी फुटलेली असू शकते, कुणी जवळ येऊन बिडी पेटवायला नको.