मासे सर्वांत शेवटी: पाणवनस्पतींची टाकी लावताना

रविवारी टाकी आणली, सोमवारी मासे सोडले आणि शुक्रवारी पहिला मासा उताणा तरंगताना दिसला. बहुतेकांची सुरुवात अशीच होते, माझीही अशीच झाली. 'पाणी स्वच्छ आहे ना, मग सोडा' असं दुकानात सांगितलं होतं, आणि पाणी खरंच काचेसारखं होतं. मासे मेले ते डोळ्यांना न दिसणाऱ्या अमोनियाने.

मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेलं खाद्य आणि सडलेली पानं त्यात भर घालतात. तळ्यात हा अमोनिया संपवणारे जिवाणू आधीपासून असतात, नव्या काचेच्या पेटीत ते नसतात. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषच, ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतं. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, आणि झाडांना तर ते खतच. हे दोन्ही गट फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, पानांवर वस्ती करून बसले की टाकी 'सायकल' झाली असं म्हणतात.

मला स्वतःला यासाठी विरजण हा शब्द जास्त पटतो. दूध तापवून नुसतं ठेवलं तर दही लागत नाही. त्याला विरजण लागतं, ऊब लागते आणि मधे मधे भांडं न हलवणारी माणसं लागतात. टाकीचंही तसंच, फक्त रात्रीऐवजी चार ते सहा आठवडे.

टाकी, जागा, वीज

पहिली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घ्यावी. छोटी बाटली किंवा काचेचा गोल सोपा वाटतो, पण कमी पाण्यात चूक लवकर अंगाशी येते. या मापाच्या टाकीत माती-दगड धरून प्रत्यक्ष पाणी साधारण ४५ ते ५० लिटर बसतं. पाणी, खडी, काच मिळून वजन ८० किलोच्या आसपास जातं, तेव्हा टीव्हीच्या कपाटावर ठेवायचा बेत सोडून द्या. पक्कं स्टँड घ्या, गवंड्याची पाणसळ लावून ते सपाट आहे का बघा आणि टाकीखाली थर्मोकोलची शीट घाला. खिडकीतलं थेट ऊन टाकीवर नको, नाहीतर झाडांऐवजी शेवाळाची शेती होईल.

फिल्टर तासाला २०० ते २५० लिटर पाणी फिरवणारा पुरतो. मी स्पंज फिल्टर आणि एअर पंपाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण लोडशेडिंग. जिवाणूंना प्राणवायू लागतो. बंद डब्याचा फिल्टर चार-सहा तास ठप्प राहिला तर आतले जिवाणू गुदमरतात. स्पंज उघड्या पाण्यात असतो आणि एअर पंप छोट्या बॅटरीवरही चालतो. वायरींचं एक लक्षात ठेवा: प्रत्येक वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबू द्या आणि मग वर न्या. ओघळ आलाच तर तो खाली जमिनीवर ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही.

दिवा २० वॉटच्या आसपासचा पांढरा एलईडी घ्या आणि त्याला टायमर लावा. पहिला महिना रोज सहाच तास. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर या टाकीला लागत नाही.

माती आणि खडी

बाजारात तयार जलवनस्पती-माती मिळते. ती चांगली असते, महागही असते. बागेतल्या साध्या मातीवरही उत्तम टाकी उभी राहते, फक्त मातीत खत नको. मी पहिल्यांदा नर्सरीतून गांडूळखत घातलेली माती आणली होती. तिसऱ्या दिवशी पाणी काळ्या चहासारखं झालं आणि अमोनियाची चाचणी तिच्या तक्त्यावरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे गेली. सगळं उपसून परत मांडावं लागलं. नुसती काळी कापसाची मातीही टाळा, ती फुगते आणि तिचा चिखल होतो.

साधारण पाच लिटर माती चाळून घ्या. बादलीत भिजवा, वर तरंगणारा काडीकचरा काढून टाका, पाणी ओता, माती उन्हात वाळवा. असं तीन-चार वेळा केलं की मातीतला सडणारा भाग बराचसा निघून जातो. टाकीच्या तळाशी तिचा एक इंचाचा थर द्या आणि त्यावर दोन-तीन मिलिमीटरच्या धुतलेल्या खडीचा दीड इंच. काचेला लागून माती दिसू नये म्हणून कडेला खडीच ठेवा.

खडी आणि दगड टाकीत जाण्याआधी एक घरगुती चाचणी: लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करत राहील. समुद्रावरची रेती शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे हमखास फसफसते. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण बहुधा शांत राहतो. गारगोटीही चालते, पण पाषाणाच्या पोकळीत सापडणारा पांढरा दगड दरवेळी गारगोटीच असतो असं नाही, कधी तो कॅल्साइट निघतो. लिंबू खरं काय ते सांगतं.

आधी झाडं, आणि भरपूर

इथे हात आखडू नका. दोन जुड्या लावून 'बाकीची वाढतील हळूहळू' म्हटलं की ती मोकळी जागा शेवाळ घेतं. पहिल्याच दिवशी तळाचा निदान दोन तृतीयांश भाग झाडांनी भरलेला हवा. झपाट्याने वाढणारी झाडं पाण्यातला अमोनिया थेट शोषतात, म्हणजे जिवाणू तयार होईपर्यंतची खिंड तीच लढवतात. यात हॉर्नवर्ट, व्हॅलिस्नेरिया आणि हायग्रोफिला पॉलिस्पर्मा ही माझी आवडती त्रयी. हायग्रोफिला तर अस्सल भारतीय. अमेरिकेत तिला उपद्रवी तण ठरवून बंदी घातली आहे, यावरून ती किती जोमाने वाढते ते समजा. त्याच कारणाने एक विनंती: छाटलेल्या फांद्या नाल्यात किंवा तळ्यात फेकू नका, कुंडीतल्या मातीत पुरा.

सोबत सावकाश वाढणारी क्रिप्टोकोरीन, अनुबियास, जावा फर्न लावा. अनुबियास आणि जावा फर्न यांचं जाड आडवं खोड खडीत पुरलं की सडतं. ते दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचं. क्रिप्टोकोरीन लावल्यावर आठवड्याभरात बऱ्याचदा पानं विरघळून जातात आणि माणूस हताश होऊन तिला उपटून टाकतो. उपटू नका. मुळं जिवंत असतात, महिन्याभरात नवी पानं येतात. नर्सरीत बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यामुळे त्यांना पाण्यातली पानं नव्याने काढावी लागतात.

लावण्याआधी झाडं पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून नीट धुऊन घ्या. गोगलगाई आणि नको ते पाहुणे कमी होतात. अगदी शून्य होतात असं मात्र नाही.

खडी नुसती ओली असताना, चिमट्याने झाडं लावा. मग खडीवर एक ताटली ठेवून तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडा, म्हणजे खालची माती उसळणार नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं, म्हणून पाणी उघड्या बादल्यांत २४ तास ठेवा किंवा क्लोरीन काढणारे थेंब घाला. हे थेंब म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे ते.

विरजण लावणं

आता माशांशिवाय अमोनिया पुरवायचा. मातीचा तळ असेल तर तिसऱ्या दिवशी आधी चाचणी करा, मातीनेच १-२ पीपीएम (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) अमोनिया सोडला असेल तर बाहेरून काही घालू नका. नसेल तर अमोनियम क्लोराइड वापरा. कल्हईवाल्यांचा नवसागर तो हाच, पण बाजारातला खडा अशुद्ध असू शकतो, म्हणून प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध पावडर घ्या. १० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं ३० मिलिलिटर द्रावण ५० लिटरच्या टाकीत घातलं की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. बाटलीवर नाव लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. हा खटाटोप नको असेल तर रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकून ते सडू द्या. काम होतं, पण मोजमाप हातात राहत नाही.

कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिचा स्पंज तुमच्या टाकीत पिळून घ्या. पाणी दिवसभर गढूळ दिसेल, दिसू दे. हे खरं विरजण, याने दोन-तीन आठवडे सहज वाचतात. नुसतं जुनं पाणी आणून उपयोग नाही, जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते पृष्ठभागांना चिकटून राहतात. बाटलीतले जिवाणूही मिळतात. पण बाटली मे महिन्यात कुरियरच्या तापलेल्या गाडीतून आली असेल तर तिच्या भरवशावर मासे सोडू नका. शिवाय गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये नायट्राइट संपवण्याचं मुख्य काम नायट्रोस्पायरा करतात, पूर्वी मानत तसे नायट्रोबॅक्टर नव्हे, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून बाटलीवर कुठलं नाव छापलंय तेही वाचा.

चाचणीसाठी थेंबांची किट घ्या. कागदी पट्ट्यांपेक्षा ती भरवशाची असते. दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजा आणि कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. पहिले आठ-दहा दिवस काहीच घडत नाही असं वाटेल. मग अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. अमोनिया शून्याजवळ आला की आधीच्या निम्मं द्रावण घाला. नायट्राइट ५ पीपीएमच्या वर गेलं तर अर्धं पाणी बदला. मग एखाद्या सकाळी नायट्राइटही एकदम कोसळतं. झाडं दाट असतील तर नायट्राइटची उंच लाट येतच नाही, कारण झाडांनी आधीच ताव मारलेला असतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

शेवटची परीक्षा एकच: पुन्हा २ पीपीएम अमोनिया घाला, २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. लागोपाठ दोनदा आले तर टाकी तयार.

अडलं तर

तीन आठवडे झाले आणि अमोनिया जागचा हलत नाही, अशी तक्रार मऊ पाणी असलेल्या गावांतून जास्त येते. मुंबईचं तलावांचं पाणी मऊ असतं. जिवाणू काम करताना पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, खर्च करतात, ती संपली की पीएच (पाण्याच्या आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आंबट) घसरतो आणि ६ च्या खाली त्यांचं काम जवळजवळ थांबतं. उपाय स्वयंपाकघरात आहे: अर्धा सपाट चमचा खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ५० लिटरला घाला, दोन दिवसांनी परत मोजा. बोअरवेलच्या पाण्याला ही अडचण सहसा येत नाही. पण त्याचा पीएच बऱ्याचदा ८ च्या आसपास असतो, आणि तिथे तेवढाच अमोनिया पीएच ७ च्या तुलनेत जवळपास दहापट विषारी रूपात असतो. बोअरवेलवाल्यांनी म्हणूनच शून्य म्हणजे शून्यच धरावं.

थंडीत नाशिक-पुण्याकडे पाणी २० अंशांच्या खाली गेलं तर सगळं मंदावतं. हीटर २६ अंशांवर लावा. मे महिन्यात उलट त्रास, तेव्हा झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर येतो. जुन्या कापडाने पुसा, तो आपोआप जातो. हिरवं शेवाळ वाढलं तर औषध न आणता दिवा एक तासाने कमी करा.

आता मासे

आदल्या दिवशी निम्म्याहून जास्त पाणी बदला. पहिल्या खेपेला सहा झेब्रा डॅनिओ पुरेत. हा आपल्या उपखंडातलाच काटक मासा, जगभरच्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये पोहोचलेला. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी पेलाभर टाकीचं पाणी पिशवीत घाला. मासे जाळीने उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर टाका. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य, दिवसातून एकदा. पुढचे मासे दोन आठवड्यांनी, मधे दोन-तीनदा चाचणी करून.

वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश ठेवायचा आग्रह घरात होईल. दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश मावत नाहीत, आणि मावले तरी ते महिन्याभरात सगळी झाडं कुरतडून ठेवतील. घरच्या मोठ्यांना आधीच सांगून टाका.

यापुढे आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं. काढलेलं पाणी तुळशीला आणि कुंड्यांना घाला, त्यात नायट्रेट असतंच. स्पंज महिन्यातून एकदा त्याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळा, नळाखाली कधीच नको. आणि त्या दिवशी शेजारच्या मजल्यावर कोणी नवी टाकी लावून बसलं असेल, तर बादलीतलं तांब्याभर गढूळ पाणी त्यांच्या दारात नेऊन द्या. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरची टाकी अशीच लागली.