जुन्या रेल्वेलाइनवरून निवांत सायकल राइड कशी करायची

रूळ उखडून तिथे सायकलचा रस्ता केलेल्या जुन्या रेल्वेलाइन आता बऱ्याच देशांत आहेत आणि कुणाला पहिल्यांदाच लांबची राइड करायची असेल तर मी डोळे झाकून हाच रस्ता सुचवते. गाड्यांची भीती नाही, वळणं मोठी आणि सावकाश, छातीवर येणारा चढ कुठेच नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, जड गाडीला उभा चढ जमत नाही, म्हणून लाइन टाकणाऱ्यांनी टेकडी आली की खोदली, दरी आली की भराव टाकला नाहीतर पूल बांधला, आणि बहुतेक ठिकाणी चढ शंभर मीटरला दोन मीटरच्या आतच ठेवला.

पण लोक फसतात ते इथेच. चढ कमी असतो पण लांबच्या लांब असतो, आणि डोळ्यांना रस्ता सपाटच दिसतो. मग पाय का भरून आले कळत नाही, ब्रेक घासतोय का, हवा कमी झाली का असं वाटत राहतं. अमेरिकेतली ग्रेट अलेगेनी पॅसेज घ्या, पिट्सबर्ग ते कंबरलँड सुमारे २४० किलोमीटर. पिट्सबर्गकडून जाताना चढ जाणवणारही नाही इतका हळूहळू येतो, पण कंबरलँडकडून निघालात तर पहिल्या ३८ किलोमीटरमध्येच पाचशे मीटरच्या वर चढायचं! म्हणजे रस्ता तोच, तुम्ही कुठून सुरू करता यावर सगळा दिवस ठरतो. त्यामुळे निघायच्या आधी उंचीचा नकाशा बघाच, आणि गेलेल्या वाटेनेच परत यायचं असेल तर चढ आधी आणि उतार परतीला ठेवा. वारा पण बघा, भरावावर आडोसा नसतो आणि तिथे समोरचा वारा चढाइतकाच दमवतो.

चढ वाटला की जोर लावू नका, सरळ गियर हलका करा आणि गप्पा मारता येतील एवढाच वेग ठेवा. बोलताना धाप लागली की समजा जास्त होतंय.

दुसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही, ती म्हणजे बसायचा त्रास. साध्या रस्त्यावर उतार आला की पॅडल थांबतं, आपण सीटवरून उठतो, अंग मोकळं होतं. इथे तसा ब्रेक मिळतच नाही, तासन् तास एकाच पोझिशनमध्ये पॅडल मारणं चालू, मग बूड दुखतं, तळहात बधिर होतात. उपाय सोपा आहे, दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहा, हँडलवरची पकड बदला, तासाभराने उतरून चार पावलं चाला. पॅडिंगवाली शॉर्ट्स असेल तर छानच.

टायरचं बघायचं तर बऱ्याच ट्रेलवर डांबर नसतं, चुनखडीची बारीक कच दाबून बसवलेली असते. ३५ ते ४० मिमीचा टायर आणि नेहमीपेक्षा थोडी कमी हवा, एवढं पुरतं. पाणी, जादा ट्यूब आणि पंप घ्याच कारण दोन गावांच्या मध्ये काहीच नसू शकतं.

बोगदा हा माझा सगळ्यात आवडता भाग. अमेरिकेतल्याच रूट ऑफ द हायावाथा या ट्रेलवर, आयडाहो-माँटाना राज्यांच्या हद्दीवर, सेंट पॉल पास बोगदा जवळपास २.७ किलोमीटरचा आहे आणि तिथे लाइट असल्याशिवाय जाता येत नाही. फोनचा टॉर्च यासाठी चालत नाही, हँडलवर नीट लाइट हवा आणि मागे लाल. तोंडाशी पोचलात की आधी थांबा, गॉगल काढा, जॅकेट घाला (भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो आणि छतावरून पाणी ठिबकतं), डोळे सरावले की मगच आत शिरा. समोरून कोणी आलं तर लाइट खाली झुकवा. विस्कॉन्सिनच्या एलरॉय-स्पार्टा ट्रेलवर तर बोगद्यांत सायकल हातात धरून चालायचं असतं, बोर्ड वाचा आणि तसंच करा. चालताना भिंतीकडे बघा, जुन्या बोगद्यांत माणूस उभा राहील एवढे कोनाडे दिसतात, गाडी आली की लाइनवरचे कामगार त्यात सरकून उभे राहायचे.

अशा खुणा बघत गेलं तरच या राइडची खरी मजा आहे. गवतातला प्लॅटफॉर्मचा दगडी काठ, अमेरिकेत ‘डब्ल्यू’ कोरलेला खांब म्हणजे ड्रायव्हरने इथे शिट्टी वाजवायची, पुढे क्रॉसिंग आहे. तुमच्यासाठीही तोच इशारा, कारण रस्ता ओलांडताना आता गाड्यांना थांबवणारं फाटक नाही, तुम्हालाच थांबायचंय. आणि क्रॉसिंगच्या तोंडाशी मधोमध खांब रोवलेले असतात, जोडीने गप्पा मारत जाताना ते दिसत नाहीत, तिथे एकामागे एक व्हा.

चालणाऱ्यांना घंटी लांबूनच द्या, अगदी पाठीशी जाऊन नको. घोडा दिसला तर वेग कमी करून तोंडाने बोला, माणसाचा आवाज ऐकला की तो बिथरत नाही.

घरी आल्यावर चेन लगेच पुसा. ती चुनखडीची धूळ तेलात मिसळून लापी होते आणि दात खाते, म्हणून आधी कोरड्या फडक्याने पुसायचं, मग नवीन तेलाचे थेंब, आणि जास्तीचं तेल परत पुसून टाकायचं.