पहिली गाडी घेताना: आधी विम्याचा आकडा, मग गाडी

नवा चालक पहिली गाडी निवडतो तेव्हा साधारणपणे असा क्रम दिसतो: आधी एखादी गाडी मनात भरते, मग तिच्या किमतीची जुळवाजुळव होते आणि विम्याची चौकशी सर्वांत शेवटी, बहुधा बयाणा देऊन झाल्यावर, केली जाते. हा क्रम उलटा करणे हेच या मार्गदर्शनाचे मुख्य सांगणे आहे. गाडीची किंमत एकदाच मोजावी लागते आणि घासाघीस करून ती थोडीफार खालीही आणता येते. विम्याचा हप्ता मात्र दरवर्षी भरावा लागतो, त्यात घासाघिशीला फारसा वाव नसतो आणि ज्याच्या हाती परवाना नुकताच पडला आहे त्याला तो अनेक देशांत अनुभवी चालकापेक्षा कितीतरी जास्त पडतो. ब्रिटनसारख्या देशात तर तरुण चालकाने जुनी, स्वस्त गाडी घेतली, तर वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीला मागे टाकतो, असेही घडते. म्हणून परवडणारी गाडी म्हणजे कमी किमतीची गाडी नव्हे. जिचा विमा, इंधन, देखभाल आणि कर हे सारे दरवर्षी पेलते ती परवडणारी गाडी.

विमा कंपनी गाडीकडे कोणत्या नजरेने पाहते, हे एकदा ध्यानात आले की निवड बरीच सोपी होते. तिला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: दावा येण्याची शक्यता किती आणि आला तर खर्च किती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः चालकावर अवलंबून असते: त्याचे वय, परवाना मिळून झालेला काळ, वर्षाकाठी होणारे अंतर, गाडी रात्री कुठे उभी राहते इत्यादी. यातले वय आणि अनुभव काही आपल्याला बदलता येत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र गाडीत असते, आणि गाडी अजून घ्यायचीच असल्यामुळे ते पूर्णपणे आपल्या हातात असते. इंजिनाची ताकद, सुट्या भागांच्या किमती, दुरुस्तीला लागणारा वेळ, ते मॉडेल चोरीला जाण्याचे प्रमाण आणि कारखान्यातून बसवून आलेली चोरीप्रतिबंधक यंत्रणा यांचा त्यात हिशेब होतो. ब्रिटनमध्ये याच निकषांवर गाड्यांना १ ते ५० असे विमा-गट देण्याची पद्धत रूढ झाली. त्यात १ हा सर्वांत स्वस्त गट. जर्मनीत प्रत्येक मॉडेलच्या दाव्यांचा प्रत्यक्ष इतिहास पाहून त्याचा वर्ग दरवर्षी नव्याने ठरवला जातो. भारतात थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा, दर पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या बाबतीत इंजिनाच्या सीसीवर, म्हणजे १००० पर्यंत, १००० ते १५०० आणि त्यापुढे अशा टप्प्यांवर, ठरतो. आपल्या देशात यांपैकी कोणती पद्धत आहे ते आधी माहीत करून घ्यावे, कारण एकाच गाडीचा विमा एका पद्धतीत स्वस्त आणि दुसऱ्या पद्धतीत महाग निघू शकतो.

‘लहान इंजिन घ्या’ हा सल्ला सर्वजण देतात आणि तो ढोबळमानाने बरोबरही आहे, पण पुरेसा नाही. टर्बो बसवलेले १ लिटरचे इंजिन हल्ली जुन्या दीड लिटरच्या इंजिनाइतकी ताकद सहज देते, आणि जिथे विमा कंपनी ताकद पाहून दर लावते तिथे केवळ सीसीचा आकडा पाहणारा ग्राहक फसतो. त्याहून अधिक दुर्लक्षित बाब म्हणजे व्हेरिएंट. एकाच मॉडेलच्या मूळ आणि वरच्या व्हेरिएंटच्या विम्यात लक्षणीय फरक पडू शकतो, कारण वरच्या व्हेरिएंटमध्ये मोठी अलॉय चाके, महाग दिवे आणि जास्त सेन्सर असतात. टायरच्या कडेवरचा आकडा वाचला तरी पुढच्या खर्चाचा अंदाज येतो. १७५/६५ आर १४ असे लिहिलेला टायर साधा, अनेक कंपन्यांचा आणि तुलनेने स्वस्त असतो. २१५/४५ आर १७ असे लिहिलेला टायर महाग तर असतोच, पण त्याची भिंत बुटकी असल्यामुळे फुटपाथच्या कडेला घासताच रिमही खराब होते. नवा चालक फुटपाथला घासणार, हे गृहीतच धरावे.

नव्या चालकाचे बरेचसे अपघात मोठे नसतात. गाडी मागे घेताना खांब लागतो, पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीला कोपरा घासतो, थांबलेल्या गाडीला मागून हलकासा धक्का बसतो. म्हणून गाडी पाहायला गेल्यावर तिच्या चार कोपऱ्यांची किंमत विचारावी, असे माझे मत आहे. पुढचा बंपर, एक हेडलाइट, मागचा दिवा आणि बाहेरचा आरसा या चार वस्तूंचे दर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारल्यावर मिळतात. साध्या हॅलोजन दिव्याचा बल्ब फुटला तर बल्ब बदलतो. एलईडी हेडलाइटमध्ये मात्र बिघाड झाला की बहुधा संपूर्ण दिवाच बदलावा लागतो. बंपरमागे रडार किंवा काचेमागे कॅमेरा असेल, तर तो भाग बदलल्यावर यंत्रणा पुन्हा जुळवून घ्यावी लागते आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. ज्या गाड्या रस्त्यावर भरपूर दिसतात त्यांचे सुटे भाग स्वस्त, सहज मिळणारे आणि कोणत्याही मेकॅनिकच्या हातातले असतात. वेगळी, दुर्मिळ गाडी घेण्याची हौस दुसऱ्या गाडीसाठी राखून ठेवावी.

काटकसर सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र करू नये. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजेच ईएससी, नसलेली गाडी नव्या चालकाने शक्यतो घेऊच नये. वळणावर वेग जास्त झाला किंवा ओल्या रस्त्यावर गाडी घसरू लागली, की ही यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून गाडीला चालकाने स्टिअरिंग वळवलेल्या दिशेत आणते. आणि नेमक्या अशाच क्षणी नव्या चालकाची प्रतिक्रिया चुकते. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. इतरत्र, विशेषतः जुन्या आणि मूळ व्हेरिएंटच्या गाड्यांमध्ये, ती आहे असे गृहीत धरू नये. तपासण्याची पद्धत सोपी आहे. किल्ली फिरवून इग्निशन चालू केले, की डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचे चिन्ह क्षणभर पेटून विझले पाहिजे. क्रॅश टेस्टचे तारे पाहताना त्यांच्यासोबत चाचणीचे वर्षही पाहावे, कारण निकष वेळोवेळी कडक होत जातात आणि दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या तोडीचे नसतात. अगदी हलकी आणि छोटी गाडी विम्याला स्वस्त असली, तरी जड गाडीशी टक्कर झाल्यास तिचे नुकसान जास्त होते. म्हणून सर्वांत छोट्या गाडीपेक्षा तिच्यावरच्या आकाराची, साध्या इंजिनाची हॅचबॅक किंवा सेडान मला अधिक समतोल वाटते.

एवढ्या चाळणीतून तीन-चार मॉडेले उरली, की प्रत्येकाच्या विम्याचे दर मागवावेत. दर मागवताना वय, पत्ता, अंतर, वजावट (दाव्यातली स्वतः सोसायची रक्कम) आणि संरक्षणाचा प्रकार हे सारे तपशील सर्व ठिकाणी एकसारखे द्यावेत, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. केवळ थर्ड पार्टी विमा घ्यायचा की सर्वसमावेशक, म्हणजे आपल्या गाडीचेही नुकसान भरून देणारा, हा प्रश्न इथे येतो. थर्ड पार्टी विम्यात आपल्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून निघते. आपल्या गाडीला दमडीही मिळत नाही. गाडी इतकी जुनी असेल की ती पूर्ण मोडीत निघाली तरी आपण स्वतःच्या पैशाने दुसरी घेऊ शकू, तरच थर्ड पार्टीवर भागवावे. गाडी कर्जावर घेतली असेल तर कर्ज देणारी संस्था बहुतेक वेळा सर्वसमावेशक विम्याची अटच घालते. थर्ड पार्टी नेहमीच स्वस्त पडतो हा समजही तपासून पाहावा. ज्या देशांत दर पूर्णपणे कंपन्या ठरवतात तिथे कधीकधी सर्वसमावेशक विमाच तरुण चालकाला स्वस्त निघतो, कारण केवळ थर्ड पार्टी मागणारे ग्राहक जास्त जोखमीचे असतात, असा त्यांचा अनुभव असतो.

हप्ता कमी करण्याचे काही रास्त मार्ग आहेत. स्वेच्छेने वजावट वाढवली, म्हणजे दाव्यातली ठरावीक रक्कम स्वतः सोसण्याचे मान्य केले, की हप्ता उतरतो. मात्र उद्या सकाळी अपघात झाला तर ती रक्कम हाताशी असेल का, हे पाहूनच ती ठरवावी. जिथे पॉलिसी चालकांच्या नावांवर आधारलेली असते तिथे घरातल्या अनुभवी चालकाचे नाव अतिरिक्त चालक म्हणून जोडल्याने फायदा होऊ शकतो. वेग, ब्रेक आणि प्रवासाची वेळ नोंदवणारे उपकरण किंवा मोबाइल अॅप स्वीकारल्यास काही कंपन्या सवलत देतात; जो रात्री उशिरा फारसा चालवत नाही आणि ब्रेक हळू लावतो त्याला हा व्यवहार परवडतो, बाकीच्यांनी त्यातल्या अटी नीट वाचाव्यात. वर्षाचा हप्ता एकरकमी भरणे शक्य असेल तर भरावा, कारण मासिक हप्त्यांत बहुधा व्याज मिसळलेले असते.

एक मार्ग मात्र कटाक्षाने टाळावा. गाडी प्रत्यक्षात मुलगा किंवा मुलगी रोज चालवणार, पण मुख्य चालक म्हणून वडिलांचे नाव द्यायचे, ही युक्ती बऱ्याच घरांत निरुपद्रवी समजली जाते. जिथे दर चालकावरून ठरतो तिथे ही सरळसरळ खोटी माहिती ठरते, आणि अपघातानंतरच्या चौकशीत ती उघड झाली, की कंपनी दावा नाकारू शकते आणि पॉलिसीही रद्द करू शकते. हाच नियम बदललेल्या चाकांना, इंजिनाच्या फेरफारांना आणि गॅसकिटलाही लागू पडतो. गाडीत आधीच्या मालकाने केलेले बदलही आपणच कंपनीला कळवायचे असतात.

पहिली गाडी सेकंडहँड घ्यावी, असे मी सुचवेन. नव्या गाडीच्या किमतीत पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत मोठी घट होते आणि तो घसारा दुसऱ्या कुणीतरी सोसलेला बरा. तीन ते सहा वर्षे वयाच्या गाडीत ईएससी आणि एअरबॅग मिळण्याची शक्यता चांगली असते आणि दुरुस्तीचा खर्चही अजून आटोक्यात असतो. किमतीसाठी ठेवलेल्या रकमेचा दहावा हिस्सा पहिल्या सर्व्हिसिंगसाठी बाजूला काढावा. रोजचा प्रवास जवळचा असेल तर जुनी डिझेल गाडी टाळावी, कारण तिच्या धुराड्यातला काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ होण्यासाठी इंजिन बराच वेळ गरम राहावे लागते. छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो आणि बदलायला महाग पडतो.

गाडी पाहायला दिवसाउजेडी जावे आणि इंजिन थंड ठेवायला आधीच सांगावे. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून ते खरोखर थंड आहे का, ते पाहावे. गरम इंजिन सुरू होताना आपले बरेच दोष लपवते. दारे, बॉनेट आणि फेंडर यांच्यामधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीच्या असाव्यात. एका बाजूची फट रुंद आणि दुसरीकडची अरुंद दिसली, किंवा दाराच्या रबराखाली रंगाचा वेगळा थर हाताला लागला, तर तिथे काम झालेले आहे. चारही टायरांच्या कडेवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचावा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. गाडी २०२१ची आणि टायर तिच्याहून खूप जुने असतील तर ते बाहेरून आणून बसवलेले आहेत आणि विक्रेत्याला प्रश्न विचारण्याचा तो मुद्दा आहे. मागच्या सीटखालचा गालिचा उचलून खाली ओल, गंज किंवा चिखलाचा वास आहे का, ते पाहावे. पुरात बुडालेली गाडी बाहेरून चकचकीत करता येते, पण तिच्या वायरिंगमधले बिघाड महिन्यांनंतर वर येतात.

चालवून पाहताना चढावर थांबून पुन्हा निघून पाहावे, गाडी मागे घेऊन पाहावे आणि मान वळवल्यावर मागचा कोपरा किती दिसतो ते तपासावे. जाड खांबांमुळे काही दिसायला देखण्या गाड्यांत मागचे दृश्य अगदीच तुटपुंजे असते आणि नवशिक्याला कॅमेऱ्यावर विसंबून राहण्याची सवय लागते. त्यानंतर ओळखीच्या, पण विक्रेत्याच्या ओळखीच्या नसलेल्या, मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी.

कागदपत्रांत १७ अक्षरांचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. गाडीवर कर्जाचा बोजा शिल्लक नाही, पूर्वी कधी विमा कंपनीने ती पूर्ण नुकसान म्हणून मोडीत काढलेली नाही आणि कंपनीने जाहीर केलेल्या रीकॉलचे, म्हणजे सदोष भाग दुरुस्त करून देण्याचे, काम राहिलेले नाही, याची खात्री करावी. पूर्ण नुकसानीचा शिक्का बसलेली गाडी स्वस्त मिळते खरी, पण काही विमा कंपन्या तिला सर्वसमावेशक संरक्षण देतच नाहीत आणि देणाऱ्या कंपन्या तिची किंमत कमी धरतात. सर्व पटल्यावरही पैसे देण्यापूर्वी त्याच नोंदणी क्रमांकावर विम्याचा दर पुन्हा मागवावा, कारण आधी मिळालेला दर मॉडेलचा होता आणि आताचा त्या विशिष्ट गाडीचा असतो. आधीच्या मालकाची पॉलिसी अजून चालू आहे, एवढ्या भरवशावर गाडी घरी आणू नये. आपल्या नावाची पॉलिसी ज्या तारखेला आणि ज्या वेळी सुरू होते, त्यानंतरच किल्ली हातात घ्यावी, आणि पॉलिसी हाती येताच तिच्यावरचे आपले नाव, परवान्याची तारीख आणि चासी नंबर त्याच दिवशी तपासून चूक असल्यास ती लेखी दुरुस्त करून घ्यावी.