चिंचोके, माती आणि खिरापत: बालवाडीतील खेळ

ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातील बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडण्यासारखी नव्हती. म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, पाने, खडे यांनाच साधने केले. तसे काही अंगणवाडीत किंवा घरी करायचे असेल, तर टोपलीभर वस्तू एकदम मांडू नयेत. एकच घ्यावी, आणि माझ्या मते ती चिंचोका असावी.

उन्हाळ्यात घरोघरी चिंच फोडतात तेव्हा चिंचोके मागून घ्यावेत, चिकटपणा जाईपर्यंत धुवावेत आणि कडक उन्हात खडखडीत वाळवावेत, नाहीतर बुरशी धरते. त्यांपैकी चार चिंचोके मोठ्या माणसाने खडबडीत फरशीवर एका बाजूने पांढरे होईपर्यंत घासावेत. (हे काम वाटते त्यापेक्षा चिवट आहे.) चार-पाच वर्षांच्या मुलाने ते ओंजळीत खुळखुळवून टाकावेत आणि पांढरे किती पडले ते सांगावे. चारही काळे पडले की पटावर खेळणारी मोठी मंडळी आठ घरे चालतात. लहानांनी मात्र ‘एकही नाही’ असेच म्हणावे, म्हणजे शून्याची ओळख आपोआप होते. मोजणी चुकल्यास लगेच दुरुस्त न करता ‘बोट लावून दाखव बरं’ एवढेच म्हणावे.

तीन वर्षांखालील मुलांना चिंचोके देऊ नयेत, कारण ते नाकात किंवा घशात अडकू शकतात. गुंजा आणि एरंडाच्या बिया विषारी असल्याने कोणत्याही वयाच्या मुलाला देऊ नयेत. अगदी लहानांसाठी चाळून रात्रभर भिजवलेली माती उत्तम. पोळ्याच्या सुमारास तिचे बैल करू द्यावेत. शिंगे मोडतील, ती मुलांनाच जोडू द्यावीत.

भाषेसाठी भोंडल्याची खिरापत ओळखण्यासारखा दुसरा खेळ नाही. झाकलेला डबा हलवून आवाज ऐकवावा आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत: गोड की तिखट, कोरडे की ओले, तळलेले की भाजलेले? नुसती पदार्थांची नावे घेत सुटण्यापेक्षा असे प्रश्न विचारणे मुलांना हळूहळू जमते. धीट मुलेच दर वेळी उत्तर देऊन टाकत असतील, तर डबा आधी गप्प बसणाऱ्या मुलाच्या हाती द्यावा आणि पहिला प्रश्न त्याचा ठेवावा.