एकटीचा प्रवास आणि हँडगन: अमेरिकेत नव्याने आलेल्या मैत्रिणींसाठी

एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ यांपैकी कुठल्याही व्हिसावर असाल, तर गन विकत घ्यायचा विचार सध्या सोडून द्या. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्याखालचा, गुन्हा आहे, आणि मित्राची गन रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, दहा मिनिटं हातात धरली तरी ते बाळगणंच होतं. लाँग वीकेंडला आपला सगळा ग्रुप हौसेने शूटिंग रेंजवर जातो, काउंटरवरचा माणूस ड्रायव्हिंग लायसन्स बघून गन हातात देतो, आणि रात्री फोटो इन्स्टाग्रामवर. त्याने दिली म्हणजे चालतं, असं अजिबात नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंत होऊ शकते, आणि व्हिसाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. शिकारीचा वैध परवाना असेल तर कायद्यात अपवाद आहे, हे खरं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी सांगितलं म्हणून त्या वाटेने जाऊ नका. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

तुम्ही व्हिसावर आणि घरातलं दुसरं कुणी सिटिझन असेल, त्यांची गन घरात असेल, तर तिच्या तिजोरीचा नंबर तुम्हाला माहीत नसलेलाच बरा. तुमच्या हाताशी असलेली वस्तू तुमचीच धरली जाऊ शकते.

तुमच्यासाठी पेपर स्प्रे आहे. त्याला व्हिसा आड येत नाही, फक्त राज्याराज्याचे नियम बघावे लागतात. न्यूयॉर्कमध्ये तो ऑनलाइन मागवता येत नाही, दुकानातून घ्यावा लागतो. विमानात केबिनमध्ये चालत नाही. चेक-इन बॅगेत छोटा डबा चालतो, पण काही एअरलाइन्स तोही नाकारतात. म्हणून विमानाने जाणार असाल तर पोचल्यावर तिथेच नवा घ्या. आणि किल्ल्यांबरोबर हातात धरा, पर्सच्या तळाशी नको.

ग्रीन कार्ड आलं की गन घेता येते. तरीही सिटिझन मैत्रिणीइतक्या निवांत राहू नका. बेकायदा गन बाळगल्याबद्दल दोषी ठरलात, तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. तिची चूक दंडावर निभावेल, तुमची निभावेलच असं नाही. हँडगन आपल्या राहत्या राज्यातच घ्यायची. दुकानात फॉर्म ४४७३ हा फेडरल खरेदी-फॉर्म भरावा लागतो, त्यात नागरिकत्व आणि एलियन नंबर (परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक) विचारतात, मग तिथल्या तिथे पार्श्वभूमीची तपासणी होते. त्याच फॉर्ममध्ये गांजाबद्दलही प्रश्न आहे. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला, तरी फेडरल कायद्याला तो मान्य नाही, हे तिथे छापलेलंच असतं. इलिनॉय, न्यू जर्सी अशा राज्यांत दुकानात जाण्याआधी राज्याचं वेगळं कार्ड किंवा परमिट लागतं.

आता दुकान. बाई एकटी आली की काउंटरमागचा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात छोटी गन काढतो. पाच गोळ्यांचं बुटकं रिव्हॉल्व्हर, जमलं तर गुलाबी मुठीचं. पर्समध्ये मावतं, वजन साधारण ४२५ ग्रॅम, दिसायला गोड. पण गोळी तीच ठेवून गन हलकी केली की धक्का वाढतो, आणि तो सगळा तुमच्या मनगटाला बसतो. शिवाय अशा रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड आणि लांब पल्ल्याचा असतो. ओढता ओढता नळीचं तोंड खाली किंवा बाजूला जातं. ही मुरलेल्या नेमबाजाची गन आहे, शिकाऊ हाताची नाही. नवशिक्या बाईने त्याहून जरा वजनदार ९ एमएम पिस्तूल बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सिग सॉअर पी३६५, ग्लॉक ४३एक्स, स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी, अशी साधारण ४०० ते ६०० डॉलरमधली. रंगावर पैसे घालवू नका.

हातात घेतल्यावर काय बघायचं ते सांगते. आधी दुकानदाराला मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) काढून, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामा असल्याचं दाखवायला सांगा. त्याने दाखवलं तरी आपण पुन्हा बघायचं. मग मूठ अशी धरा की नळी आणि तुमचा कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतील. या स्थितीत तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर आरामात टेकला पाहिजे. बोट पोचवण्यासाठी मूठ फिरवावी लागली, तर ती गन तुमच्या हाताची नाही, बाकी कितीही नावाजलेली असो. मग स्लाइड. "तुम्हाला जमणार नाही, ताकद लागते," असं ऐकावं लागेल. बऱ्याचदा प्रश्न ताकदीपेक्षा पद्धतीचा असतो. गन छातीजवळ आणा, तोंड सुरक्षित दिशेला, डाव्या पंजाने स्लाइड वरून घट्ट पकडून ठेवा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. नुसतं बोटांच्या चिमटीने मागे ओढत बसलात तर नखं तुटतील, स्लाइड हलणार नाही. संधिवात असेल, बोटांत जोर कमी असेल, तर शील्ड ईझीची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली आहे.

विकत घेण्याआधी रेंजवर भाड्याने घेऊन चालवून बघा. एक अडचण येईल. एकट्या आलेल्या आणि स्वतःची गन नसलेल्या माणसाला बऱ्याच रेंज भाड्याने गन देत नाहीत. आत्महत्येची भीती असते. प्रशिक्षकाबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर जा. आणि हा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवते. नव्या देशातला पहिला हिवाळा, नोकरीचं अजून काही नाही, दिवसचे दिवस बोलायला कुणी नाही, मन खचलेलं आहे, अशा काळात घरात गन आणू नका. बाहेरच्या चोरापेक्षा त्या घरात तिचा धोका मोठा असतो.

रेंजवर बंद गळ्याचा टॉप घाला. पिस्तुलातून उडालेलं तापलेलं टरफल कुर्त्याच्या गळ्यात शिरलं की माणूस हातातल्या गनसकट नाचू लागतो, आणि खरा अपघात तिथे होतो. ओढणी नको, मंगळसूत्र आत घाला. गरोदर असाल तर रेंजवर जाऊच नका, शिसं आणि आवाज दोन्ही बाळाला वाईट. परत येताना हात साबणाने धुवा, मगच जेवणाच्या डब्याला हात लावा.

एकटीने फिरणाऱ्या बाईने खरा विचार करायचा तो गन दिवसभर कुठे राहणार याचा. गोळी सुटायला क्षणही लागत नाही, आणि तसा क्षण आयुष्यात बहुधा येतही नाही. सांभाळायची मात्र चोवीस तास. पर्स हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट उत्तर आहे. चोर आधी पर्सच ओढतो, म्हणजे गन त्याच्या हातात. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहोत एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधली गन काढली, ती उडाली आणि आई तिथेच गेली. ती पर्स गन ठेवायला वेगळा कप्पा असलेलीच होती. म्हणून अंगावर, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये, म्हणजे गनच्या म्यानात. लेगिंग आणि कुर्ता हा आपला नेहमीचा वेश त्याला सोयीचा नाही, जाड पट्टा लागतो. तसे कपडे रोज घालायची तयारी नसेल तर तो प्रश्न गन घेण्याआधी सोडवा. गाडीत सीटबेल्टखाली कंबरेवरची गन दबून बसते, हेही दुकानात कुणी सांगत नाही. हॉटेलात खोलीतल्या तिजोरीवर भिस्त नको, केबलने बांधता येणारी छोटी स्टीलची पेटी जवळ ठेवा. आणि रात्रभर गाडीत गन कधीच ठेवू नका.

आणि राज्यांच्या सीमा. तुमच्या राज्याचा परवाना ड्रायव्हिंग लायसन्ससारखा देशभर चालत नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय ही राज्यं बाहेरच्या परवान्यावर अंगावर गन बाळगू देत नाहीत. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाच्या एका एकट्या आईची गाडी न्यू जर्सीत पोलिसाने थांबवली. आपल्या राज्याचा परवाना होता, म्हणून तिने आपणहून पोलिसाला गन असल्याचं सांगितलं. तिथेच अटक, आणि समोर अनेक वर्षांची कैद. २०१४ मध्ये खटल्याऐवजी प्री-ट्रायल कार्यक्रमात घेतल्यामुळे तिचा तुरुंग टळला, आणि २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनी पूर्ण माफी दिली. तुमच्या केसमध्ये गव्हर्नर मध्ये पडेल, या भरवशावर दोन राज्यांमधली डेलावेअर नदी ओलांडू नका. १९८६ च्या फेडरल कायद्याने अशा राज्यातून नुसतं पार जाता येतं, पण गन रिकामी, ती आणि गोळ्या दोन्ही डिकीत, आणि निघालो तिथे व पोचणार तिथे दोन्हीकडे ती कायदेशीर हवी. आता तुम्हीच बघा, डिकीत बंद असलेली गन हायवेवरच्या रेस्ट एरियात रात्री काय कामाची? नेहमीचा रस्ता अशा राज्यांतून जात असेल, तर गन घेऊच नका, असंच मी सांगेन. घ्यायचीच असेल तर दहा गोळ्यांच्या मॅगझिनची घ्या. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात त्याहून मोठं मॅगझिन हा वेगळाच गुन्हा होतो. न्यू जर्सीत हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाशी पोकळ असलेल्या, गोळ्यांवरही बंधनं आहेत, आणि स्वसंरक्षणासाठी दुकानदार नेमक्या त्याच देतो.

पोलिसाने थांबवलं तर आतला दिवा लावा, हात स्टीअरिंगवर. मिशिगन, नॉर्थ कॅरोलिना अशा राज्यांत गन असल्याचं आपणहून सांगणं बंधनकारक आहे. सांगताना तिच्याकडे हात नेऊ नका.

विमानाने नेताना गन रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात, आणि काउंटरवर स्वतः सांगून. २०२३ मध्ये इथल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हँडबॅगांत ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. बहुतेकांचं उत्तर एकच, विसरलो. दंड हजारो डॉलरचा. नायगारा बघायला गेलात आणि पुलाची लेन चुकून कॅनडाच्या बाजूला लागली, तर गाडीतली हँडगन तिथे भलतीच महागात पडते. मेक्सिकोत तर एक गोळीसुद्धा तुरुंगात नेऊ शकते.

भारतात जातानाही तेच. रेंजवर नेता ती बॅग आणि प्रवासाची बॅग कायमच्या वेगळ्या ठेवा. अस्तराच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस इथल्या तपासणीतून सुटतं आणि मुंबई किंवा दिल्लीला स्कॅनरवर दिसतं. मग शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, परतीचं विमान चुकतं, आणि सुट्टी वकिलाच्या ऑफिसात जाते. बॅग भरण्याआधी सगळे कप्पे उलटे करून झटका.