पहिला ऑडिट रिपोर्ट आणि स्टोअरमधले काका

आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्यासाठीच्या प्रशिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षी पुण्याजवळच्या एका कारखान्यात इंटर्नल ऑडिटला गेलो होतो. स्टोअर आणि खरेदी माझ्याकडे होती. तीन आठवडे खपून अडतीस पानांचा ड्राफ्ट केला आणि काम संपल्यावरच्या एक्झिट मीटिंगला ऐटीत टेबलावर ठेवला. प्लँट हेडनी पहिलं पान वाचलं, बाकीची अंगठ्याने फरफर उलटली आणि विचारलं, "बरं, मग मी सोमवारी नेमकं काय करू?"

मला उत्तर देता येईना. अडतीस पानांत ते कुठेच नव्हतं.

माझं सगळ्यात लाडकं ऑब्झर्व्हेशन, म्हणजे ऑडिटमध्ये सापडलेली त्रुटी, जीआरएनबद्दल, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीबद्दल, होतं: 'जीआरएन वेळेत केले जात नाहीत. स्टोअर कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे अंतर्गत नियंत्रण कमकुवत झाले आहे. नियंत्रण बळकट करावे.' हे वाचल्यावर कोपऱ्यात बसलेले स्टोअरचे काका शांतपणे म्हणाले, "साहेब, लॅबचा माणूस किती वाजेपर्यंत असतो, ते विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. तपासणीला एकच माणूस, तोही जनरल शिफ्टला. ट्रक यायचे संध्याकाळी. तपासणीचा शेरा पडल्याशिवाय सिस्टिम जीआरएन करूच देत नव्हती. काका हलगर्जी नव्हते, ते वाट बघत होते. मी कारण शोधलं नव्हतं, माणूस शोधला होता. नवख्यांच्या रिपोर्टात हा दोष मला आजही सगळ्यात जास्त दिसतो.

त्या रात्री आमच्या फर्मच्या सरांनी तेवढं एकच ऑब्झर्व्हेशन चार वेळा लिहायला लावलं. परीक्षेसाठी आपण पाठ करतो ते पाच मुद्दे सगळ्यांना माहीत असतात: काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, त्याने काय बिघडतं, काय करायचं. पाठ असतात, पण लिहिताना तिसरा आणि चौथा गाळला जातो. चौथ्या खेपेला हे तयार झालं:

'कंपनीच्या नियमानुसार माल गेटवर आल्यापासून 2 दिवसांत जीआरएन व्हायला हवा. एप्रिल ते जून या काळातले 60 व्यवहार तपासले. 17 मध्ये तो 4 ते 11 दिवसांनी झाला. हे सगळे ट्रक संध्याकाळी 6 नंतर आले होते आणि त्या वेळी तपासणीला कोणी नसते. यांतले 9 पुरवठादार सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून नोंदलेले आहेत, आणि आपण त्यांच्या पेमेंटची मुदत जीआरएनच्या तारखेपासून मोजतो.'

शेवटचं वाक्य सरांनी माझ्याकडून वदवून घेतलं. मी म्हणत होतो, "उशीर होतो, स्टॉकमध्ये फरक येतो," आणि ते प्रत्येक वेळी "मग?" म्हणत होते. एमएसएमईडी कायदा 2006 (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) प्रमाणे अशा पुरवठादारांचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल, तर मोजणी माल प्रत्यक्ष पोचल्याच्या दिवसापासून होते. मुदत चुकली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. म्हणजे कंपनीच्या हिशेबात 45 व्या दिवशी गेलेला चेक कायद्याच्या हिशेबात 50 किंवा 55 व्या दिवशी गेला होता. प्लँट हेडना 'नियंत्रण कमकुवत' याचं काही वाटलं नव्हतं. हे वाचल्यावर त्यांनी तिथल्या तिथे अकाउंट्सला फोन लावला.

शिफारसही बदलली. 'बळकट करावे' गेलं. त्याजागी दोन ओळी आल्या: दुसऱ्या शिफ्टला तपासणीसाठी माणूस ठेवावा, जबाबदारी क्वालिटी मॅनेजरची, पेमेंटची मुदत गेट एंट्रीच्या तारखेपासून मोजावी, जबाबदारी फायनान्स मॅनेजरची. दोन्हींपुढे तारीख. माणसाचं नाव नाही, हुद्दा लिहायचा. माणसं बदली होऊन जातात.

रिपोर्ट कोण वाचतं, हेही तेव्हाच कळलं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 138 खाली लिस्टेड कंपन्यांना इंटर्नल ऑडिट सक्तीचं आहे, आणि आधीच्या वर्षी 200 कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल झालेल्या प्रायव्हेट कंपन्यांनाही. जिथे संचालक मंडळाची ऑडिट कमिटी असते, तिथे तिच्यापुढे बहुतेक वेळा सुरुवातीचं सारांशाचं एक पान वाचलं जातं. त्यामुळे ते पान मी सगळ्यात शेवटी लिहितो आणि सगळ्यात जास्त वेळा खोडतो. ऑब्झर्व्हेशन किती गंभीर, याची उच्च, मध्यम, कमी ही प्रतवारी कशी लावणार, हे कामाला लागायच्या आधीच क्लायंटशी ठरवून घ्या. नाहीतर एक्झिट मीटिंगचा अर्धा वेळ 'हे मीडियम करा ना' या घासाघिशीत जातो. फॉरमॅट, फाँट, रंगीत तक्ते यांवर फार डोकं लावू नका. फर्मचा टेम्प्लेट असतो.

आपले रिपोर्ट बहुधा इंग्रजीत असतात, आणि तिथेच पोकळ वाक्यं लपतात. 'कंट्रोल्स नीड टू बी स्ट्रेंग्दन्ड' हे कानाला भारदस्त लागतं. म्हणून मी ड्राफ्ट पाठवायच्या आधी प्रत्येक ऑब्झर्व्हेशन त्या खात्यातल्या माणसाला तोंडी, मराठीत सांगतो. सांगताना अडखळलो, तर वाक्यात काही नाही असं समजायचं. आणि आकडा चुकला असेल तर तो तिथेच पकडतो, साहेबांसमोर नाही.

पुढच्या वर्षी फॉलोअपला गेलो तेव्हा दुसऱ्या शिफ्टला माणूस आलेला होता. काकांनी गेट रजिस्टर पुढे सरकवलं. तारखेशेजारी त्यांनी हाताने एक जादा रकाना आखला होता: 'तपासणी किती वाजता'.