ईएल३४ची एकच नळी लाल होते तेव्हा

ईएल३४ ही अँपची आउटपुट व्हॅक्यूम नळी. जोडीतल्या एकीचीच आतली प्लेट तापून लाल झाली, तर आधी वीज तोडा. फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठ्यातले, विद्युतभार साठवणारे) रिकामे झाल्याचे मीटरवर पाहूनच हात घाला, तिथे ४५० व्होल्ट असतात. आता दोन्ही नळ्यांची अदलाबदल करून अँप लावून पाहा. लाली नळीबरोबर सरकली तर नळीच गेलेली. त्याच सॉकेटवर राहिली, तर वीज तोडून नळी काढा आणि अँप चालू करून सॉकेटच्या पिन ५वरचा, म्हणजे नळीतला प्रवाह आवरणाऱ्या ग्रिडचा, व्होल्टेज मोजा. शेजारच्या सॉकेटवर उणे ३८ व्होल्ट आणि इथे उणे २० दिसले, तर बहुधा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्याचा सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतोय, पुन्हा वीज तोडून ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा नवा लावा. जुना वरून धडधाकट दिसेल, फसू नका.

मग नळी परत लावून बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचा नळीतला प्रवाह, जुळवा: कॅथोडच्या (नळीच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाच्या) १ ओहम रेझिस्टरवर ३५ मिलिव्होल्ट, म्हणजे ३५ मिलिअँपिअर, ठेवा. फारच कमी ठेवलात तर हळू आवाजातही सूर खरखरतो.